आठ दिवसांचं बिऱ्हाड

वरणगावात घर भाड्याने घेताना कोणी फोटो बघून चावी घेत नाही. आयुध निर्माणीत बदली होऊन आलेला माणूस असो की मुलांच्या शाळेसाठी मळ्यातून गावात आलेलं कुटुंब असो, आधी घरातली बाई नळ उघडून बघते. पाणी किती दिवसांआड येतं, टाकी केवढी, मोटर कोणाच्या मीटरवर आहे, खिडकीत कूलर बसतो का, पश्चिमेची भिंत तापते का, एवढं विचारून झाल्यावर मग भाड्याची गोष्ट निघते. हेच कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत कोकणातलं एखादं घर चार दिवसांसाठी घेतं तेव्हा मात्र मोबाइलवर निळ्या पाण्याचा एक फोटो बघतं आणि पाच मिनिटांत पैसे पाठवून मोकळं होतं.

घोळ होतो तो इथे. सुट्टीचं घर म्हणजे लॉज नव्हे. लॉजवर बेल दाबली की कोणीतरी येतं. घरात बेल वाजली तर दार आतल्यांनीच उघडायचं. गॅस संपला, टाकी रिकामी झाली, रात्री वीज गेली, लहान्याला ताप आला, तर ज्याने घर घेतलं त्यालाच हातपाय हलवावे लागतात. ते बिऱ्हाडच असतं, फक्त चार-आठ दिवसांचं. म्हणून त्याची चौकशीही भाडेकरूच्या नजरेने करावी, पर्यटकाच्या नव्हे.

खेड्यातलं घर सुट्टीपुरतं भाड्याने देण्याची रीत फ्रान्सने जितकी व्यवस्थित बसवली तितकी फार थोड्या देशांनी बसवली असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली खेडी ओस पडत होती. तरुण शहरात गेले होते, दगडी घरं कुलपात होती आणि शेतकऱ्याकडे छप्पर शाकारायलाही पैसा नव्हता. आल्प्सच्या दक्षिण भागातले एमिल ओबेर नावाचे सिनेटर होते. रिकामी घरं नीट करून शहरातल्या कामगार कुटुंबांना आठवड्याच्या भाड्याने द्यायची, ही योजना त्यांनी पुढे रेटली. १९५१ मध्ये असं पहिलं घर उघडलं आणि १९५५ मध्ये ‘झीत द फ्रान्स’ ही संघटना उभी राहिली. तिथे घराला तारे देत नाहीत, गव्हाच्या ओंब्या देतात. एक ते पाच. शेतकऱ्याच्या घराला ओंबीचीच खूण शोभते. कुलूपबंद घरांची ती गोष्ट खान्देशातल्या माणसाला परकी वाटू नये. रावेर-यावल पट्ट्यातल्या कितीतरी गावांत माडीची घरं लग्नकार्यापुरती उघडतात. बाकी वर्षभर मुलं पुण्या-मुंबईत आणि चावी शेजाऱ्याकडे.

महाराष्ट्रात ही रीत तीन रूपांत भेटते, आणि बुकिंग करताना आपण त्यातलं कोणतं घेतोय हे आधी उमगलं पाहिजे. पहिलं रूप अख्ख्या घराचं. चावी हाती मिळते, स्वयंपाकघर आपलं, राखणदार बाहेरच्या खोलीत. दुसरं, यजमानाच्या राहत्या घरातली खोली; सरकारी कागदात यालाच न्याहारी व निवास म्हणतात. तिसरं कृषी पर्यटन केंद्र. तिथे माणशी दर असतो, जेवण त्यातच धरलेलं असतं आणि बैलगाडीची फेरीही. बारामतीजवळच्या माळेगावातून पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाला राज्यभर ओळख मिळवून दिली. पुढे राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्राची नोंदणी करता येते. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असेल तर त्याचा फोटो मागायला संकोच करू नये. ते असलं म्हणजे जेवण चवदार असेलच असं नाही. पण तक्रार करायची वेळ आली तर दार कुठलं ठोठावायचं ते तरी ठाऊक असतं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे दुसऱ्या रूपाचं चांगलं उदाहरण. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, गावकरी त्यात उतरले आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्लं समुद्रात सोडली जातात आणि ती बघायला येणारी माणसं गावातल्या घरांतच उतरतात. पण इथे घर भाड्याने मिळतं ते माणसांसकट. माजघरात सतरंज्या अंथरलेल्या असतात, बाथरूम परसदारी असू शकतं आणि काकू जे रांधतील ते ताटात येतं. ज्याला स्वतंत्र खोली, गिझर आणि रात्री अकरा वाजता चहा लागतो त्याने वेळासला जाऊन नाराज होण्यापेक्षा दापोली-गुहागरकडे स्वतंत्र घर बघावं. दोन्ही आपापल्या जागी उत्तम; एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली की बिनसतं.

वरणगावकरांच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे, ती म्हणजे भुसावळ जंक्शन. निजामुद्दीनहून येणारी मंगला एक्स्प्रेस भुसावळवरून पनवेल, रत्नागिरी करत मडगावकडे जाते. गोवा एक्स्प्रेस मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव या वाटेने वास्कोला पोचते. दोन्ही रोजच्या गाड्या. नागपूर–मडगाव विशेष गाडीही भुसावळवरून जाते. पण विशेष गाड्यांची मुदत वाढत-कमी होत असते, म्हणून तिच्या भरवशावर घराचे पैसे आधी भरू नयेत. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. याचा सरळ अर्थ असा की आधी तिकीट आणि मग घर. घराची तारीख एखाददुसऱ्या दिवसाने मालक हलवून देतो, रेल्वेची वेटिंग लिस्ट हलत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी ठेवतात. पहाटे पोचणारी गाडी कधी पोचेल ते नव्याने बघून घ्यावं. केंद्र सरकारी नोकरीतल्या कुटुंबांनी हिशेब मांडताना एवढं धरावं की एलटीसीत प्रवासभाडं मिळतं, मुक्कामाचं नाही.

मुक्काम कुठल्या महिन्यात करायचा हे खान्देशात ज्याच्या-त्याच्या धंद्यावर ठरतं. कापूस वेचणीत शेतकरी हलू शकत नाही, केळीच्या बागेला उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकवता येत नाही, निर्माणीतल्या माणसाला दिवाळीची रजा. बाकीच्यांसाठी राहतो मे. मे महिन्यात कोकण बघायला जाणाऱ्या खान्देशी माणसाला पहिला धक्का बसतो तो घामाचा. वरणगावात पारा ४४-४५ वर गेला तरी हवा कोरडी असते, वाळ्याच्या कूलरने खोली गार होते. कोकणात पारा पस्तिशीच्या आत असतो, पण हवेत एवढं पाणी असतं की कूलरचा काही उपयोग नाही; तो फक्त दमटपणा वाढवतो. “कूलर आहे ना?” हा प्रश्न त्यामुळे किनाऱ्यावर निरर्थक आहे. पंखा प्रत्येक खोलीत आहे का आणि झोपायच्या खोलीतला एसी इन्व्हर्टरवर चालतो का, हे विचारायचं.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर अवलंबून असतं. “पाणी असतं ना?” असं विचारलं तर “असतं की” हेच उत्तर येणार. कोणता मालक नाही म्हणेल? त्याऐवजी “काका, मे महिन्यात तुमच्याकडे पाणी विहिरीचं असतं की टँकरचं?” असं विचारावं. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतात. उत्तर टँकर असं आलं तर दहा माणसांचं बिऱ्हाड घेऊन जाण्याआधी रोज किती लिटर मिळेल ते ठरवून घ्यावं. “संडास किती?” याऐवजी “आजींना पायरी न उतरता संडासात जाता येईल का, कमोड आहे का?” असं विचारावं. “समुद्र जवळ आहे का?” याचं उत्तर सगळीकडे “पाच मिनिटांवर” असंच असतं, गाडीने की पायी, आणि पायी तर चढ किती, हा खरा प्रश्न. विजेबद्दल विचारताना शेतातल्या घरासाठी एक खास प्रश्न आहे: जोडणी गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या? शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज पाळीपाळीने ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. फोटोतला झुंबर-दिवा त्या पाळीप्रमाणे पेटतो.

मग स्वयंपाक. खान्देशी कुटुंबाचं सुट्टीतलं निम्मं समाधान ताटात असतं, हे मान्य करून टाकलेलं बरं. तिसऱ्या दिवशी सोलकढी आणि नारळाच्या वाटणाचं कौतुक ओसरतं आणि कोणीतरी हळूच शेवभाजीचं नाव काढतं. स्वयंपाकघर वापरायला मिळणार असेल तर ते ‘मिळेल’ एवढ्यावर सोडू नये. किती शेगड्या, सिलिंडर भरलेला मिळणार की अर्धा, तो संपला तर दुसरा कोण आणणार, दहा माणसांचं वरण शिजेल एवढा कुकर आहे का, मिक्सर चालतो का, सामिष चालतं का. काही घरांत देव्हाऱ्यामुळे मांसमच्छी चालत नाही, काही ठिकाणी फक्त बाहेरच्या चुलीवर चालते. दोन्ही रास्त आहे, फक्त ते मासे घेऊन दारात उभं राहिल्यावर कळू नये. सोबत न्यायच्या सामानात काळा मसाला, शेव, कळण्याचं पीठ आणि लोखंडी तवा, एवढं पुरे. बाकी किराणा तिथल्याच दुकानातून घ्यावा. त्या निमित्ताने गावात ओळख होते आणि डॉक्टर कुठे बसतो तेही समजतं. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ राज्यभर आहेच, पण ती घरापर्यंत यायला पत्ता सांगता आला पाहिजे. कोकणात पत्ता म्हणजे वाडीचं नाव. पोचल्याबरोबर ते मोबाइलमध्ये लिहून ठेवावं.

गोव्यात जाणाऱ्यांसाठी स्वयंपाकाचा आणखी एक मुद्दा. गाडीत शेगडी, पातेली, पिठाचे डबे भरून निघायचं आणि सावलीची जागा दिसली की चूल मांडायची, ही आपल्याकडची जुनी सोय. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे. २०२२ च्या आदेशात दंड ५० हजार रुपयांपर्यंत ठेवला होता. वरणबट्टी करायची तर ती घेतलेल्या घराच्या आवारात, आणि मालकाला विचारून. गोव्यात पर्यटकांना घर देणाऱ्याने १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. तो नोंदणी क्रमांक मागावा. हळदोणा, साळगाव, शिवोलीसारख्या गावांतली जुनी घरं देखणी आहेत, दारापुढे बसायचे बाक असलेली बाल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्या. पण शेजारी माणसं राहतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला देशभर मनाई आहे, आणि गावातली माणसं आजकाल पोलिसांना फोन करायला मागेपुढे बघत नाहीत. का बघावं?

आता पैसे. माणशी दर आणि अख्ख्या घराचं भाडं यांची तुलना करताना बहुतेकांची गफलत होते, म्हणून एक आकडेमोड. समजा, तीन भावंडांची कुटुंबं मिळून दहा माणसं चार रात्री राहणार आहेत. एका ठिकाणी जेवणासकट माणशी १,२०० रुपये रोज. एकूण ४८ हजार. दुसऱ्या ठिकाणी अख्खं घर रोज ६ हजारांनी. एकूण २४ हजार. दुसरं निम्म्यात पडलं असं वाटतं. त्यात चार दिवसांचा किराणा, भांडी-धुण्याच्या मावशींचे पैसे, जादा गाद्यांचं भाडं, गॅस आणि दोन वेळा बाहेर जेवण धरलं की अंतर बरंच कमी होतं. शिवाय चार दिवस ओट्याशी कोण उभं राहणार, हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. घरातल्या बायकांना सुट्टी हवी असेल तर माणशी दर स्वस्त पडतो, आणि रोज आपल्या हातचंच हवं असेल तर घर. ठरवताना त्यांनाच विचारावं. बऱ्याचदा बुकिंग करणारा वेगळा आणि पोळ्या लाटणारी वेगळी असते.

ॲपवरून घेतलं तर भाड्यावर जीएसटी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर दर ५ टक्के. अख्खा बंगला एकच नग म्हणून दिला आणि भाडं त्याच्या वर गेलं तर १८ टक्के. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या मालकाकडून थेट घेतलं तर बिलात जीएसटी नसतो. म्हणून लोक ॲपवर घर बघतात आणि फोन नंबर शोधून थेट बोलतात. यात पैसे वाचतात खरे, पण ॲपच्या तक्रार विभागाचा आधारही सुटतो. ओळखीच्याने राहून पाहिलेलं घर असेल तर थेट घ्यावं, अनोळखी असेल तर पहिल्या वेळेला ते चार पैसे जास्त गेलेले परवडतात.

खोट्या जाहिरातींचा सुळसुळाट सुट्टीच्या तोंडावर वाढतो. दुसऱ्याच्या घराचे फोटो, निम्मं भाडं आणि ‘आज दोन वाजेपर्यंत पैसे भरा, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे’ अशी घाई. यावर एक साधा उपाय आहे. मालकाला व्हिडिओ कॉलवर घराबाहेर उभं राहायला सांगावं, तिथून आत यायला आणि नळ सोडून दाखवायला सांगावं. घर त्याचं असेल तर तो हसून दाखवतो. परतावा देण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका, असं कोणी म्हटलं तर तिथेच फोन ठेवावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावं; पहिल्या काही तासांत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते.

इसार देताना मोघम बोलणं नको. किती दिला, घेणाऱ्याने बेत मोडला तर त्यातलं किती परत, मालकाने मोडला तर किती, हे व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्यावं. फ्रान्सच्या कायद्यात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘आर’ म्हणून पैसे दिले असतील तर ग्राहकाने बेत मोडल्यावर ते बुडतात, पण मालकाने मोडला तर त्याला दुप्पट परत द्यावे लागतात. ‘आकोंत’ म्हणून दिले तर दोन्ही बाजू व्यवहाराला बांधल्या जातात. आपल्याकडे ‘ॲडव्हान्स’ या एका शब्दात सगळं कोंबलं जातं आणि भांडण उरतं.

खान्देशातून थेट फ्रान्सच्या खेड्यात जाणारी कुटुंबं थोडी असली तरी आहेत. मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला असते आणि आईवडिलांना बोलावते. हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा एक ग्रामीण घर त्यांना सोयीचं पडतं, कारण भात-वरण करता येतं. त्यांच्यासाठी थोडं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांचं शुल्क ९० युरो आहे, वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो आणि मुक्कामाचा पुरावा म्हणून घराच्या करारावर मालकाचं नाव आणि पत्ता स्वच्छ दिसला पाहिजे. गाव म्हटलं की बस-रेल्वे बेताची, गाडी लागतेच. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून निघतो, एक वर्ष चालतो. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते, त्यामुळे पहिल्या दिवशी रात्रीचा प्रवास ठेवू नये.

उन्हाळ्यात ही घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. शनिवारी संध्याकाळी चावी मिळते आणि रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद. वाटेतल्या सुपरमार्केटमधून दोन दिवसांचं सामान घेऊनच घरी शिरावं. चादरी-टॉवेल बहुधा भाड्यात धरलेले नसतात, वेगळे पैसे पडतात. घर झाडून-पुसून परत करायचं असतं किंवा साफसफाईचे पैसे द्यायचे असतात. दरडोई दर रात्री थोडा पर्यटन करही लागतो, अठरा वर्षांखालच्यांना तो नाही. शेगडी बहुधा विजेची किंवा इंडक्शनची. लोखंडी तवा दोन्हींवर चालतो, ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर नाही. २०१५ पासून तिथे प्रत्येक घरात धूर ओळखणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि लाल मिरचीची खमंग फोडणी त्याला आगच वाटते. खिडकी उघडूनच तेल तापवावं. सामानात तूप, पेढे, खवा नेऊ नये; बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजी फळंही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. त्याला अपवाद फक्त पाच आहेत: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे आंबा अडतो आणि रावेरची केळी सुटतात!

उलट बाजूही असते. विदेशी पासपोर्टवरचा पाहुणा, मग तो आपल्याच गावातल्या पाटलांचा नातू का असेना, महाराष्ट्रातल्या भाड्याच्या घरात उतरला की मालकाने २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. घर ठरवतानाच तसं सांगून टाकावं, पासपोर्टची प्रत आधी पाठवावी. ऐनवेळी सांगितलं तर छोटे मालक घाबरतात आणि नाही म्हणतात.

एवढ्या लांब कशाला, असं म्हणणाऱ्यांसाठी वरणगावच्या आसपासही बरंच काही आहे. कोकणासारखी घरं देण्याची रीत खान्देशात अजून रुजलेली नाही; इथे मळ्यातलं घर मिळतं ते ओळखीने. पण हिवाळ्यात त्याच्याइतकं सुख दुसरं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भरताचा काळ. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातही बामणोदच्या वांग्यांचं नाव जुनं. हिरवी-पांढरी मोठी वांगी काड्यांच्या जाळावर भाजायची, बडजीत ठेचायची, कांद्याची पात आणि हिरवी मिरची घालून पुऱ्यांबरोबर किंवा कळण्याच्या भाकरीबरोबर शेतातच बसून खायची. पुण्याहून आलेल्या नातवंडांना चार दिवस शेतात ठेवायचं तर हाच काळ. मे महिन्यात मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत दुपारी उभं राहवत नाही.

मळ्यातलं घर घेताना सालदाराशी वेगळं बोलावं. मालक जळगावला असतो, मोटर सुरू करणारा आणि कुत्रं बांधणारा सालदारच असतो. बागेत फवारणी कधी आहे ते विचारावं, त्या दिवशी मुलं तिकडे सोडू नयेत. विहिरीला कठडा आहे का, हे स्वतः बघावं. सकाळी हतनूर धरणाच्या जलाशयावर पक्षी बघायला जाता येतं, थंडीत तिथे स्थलांतरित बदकं उतरतात. संध्याकाळी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर. पावसाळ्यात मात्र तापीच्या पात्रात उतरू नये. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि वर मध्य प्रदेशात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही ते उघडावे लागतात. सातपुड्यात जायचं असेल तर रावेर तालुक्यातलं पाल आहे, यावल अभयारण्याला लागून. तिथे वन विभागाचे नियम चालतात, जाळ आणि गाणी दोन्ही नकोत.

निघायच्या दिवसाचं काम आदल्या रात्रीच करून ठेवावं, कारण सकाळी गाडीची घाई असते आणि त्या घाईत अनामत अडकते. आल्या दिवशी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल, मीटरचा आकडा, फुटलेली फरशी, डगमगणारी खुर्ची त्यात आली असेल, तर निघताना तोच लावून मालकासमोर फिरावं. विजेचे पैसे वेगळे ठरले असतील तर आकडा दोघांनी मिळून बघावा. अनामत तिथल्या तिथे यूपीआयवर परत घ्यावी, ‘दोन दिवसांत पाठवतो’ यावर मान डोलावू नये. मावशींचे पैसे त्यांच्याच हातात द्यावेत. आणि उरलेलं कळण्याचं पीठ परत वाहून आणण्यापेक्षा काकूंना द्यावं, भाकरी कशी थापायची ते एकदा दाखवून.